वहिनीचे अडलेले धडे

माझ्या वहिनीला तिच्या कचेरीतल्या शहाण्यासुरत्या माणसांनी पांढऱ्या पायाची ठरवलं. का, तर तिने पाठवलेली फाइल एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्या कॉम्प्युटरवर पोचत नव्हती. हे लिहिताना आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते, त्यामुळे भाषा कुठे सुटली तर सांभाळून घ्या.

वहिनी बोलकी पुस्तकं करते. ज्यांना दिसत नाही अशा मुलांसाठी शाळा-कॉलेजची पुस्तकं मोठ्याने वाचायची आणि रेकॉर्ड करायची. मुलं ती ऐकून अभ्यास करतात. तिची वाचायची खोली मी पाहिली आहे. न्हाणीघराएवढी. भिंतींना करडा स्पंज, खिडकी नाही, पंखा आहे पण लावायचा नाही, कारण त्याची घरघर माइकमध्ये येते. टेबलावर पुस्तक, शेजारी कोमट पाण्याचा थर्मास आणि दाराबाहेर लाल दिवा. दिवा लागला की दार ठोठावायचं नाही. त्या खोलीत घामाने निथळत बसून वहिनी अख्खा धडा एका बैठकीत वाचते. अडखळत नाही, चुकत नाही, पान उलटल्याचा आवाजसुद्धा येऊ देत नाही.

बाकीचे वाचक दोन पानं झाली की थांबतात, चहा पितात, तेवढ्याची फाइल करून ठेवतात, मग पुढची दोन पानं घेतात. त्यात काही गैर नाही. पण आकृती आली की ते काय करतात माहीत आहे? "इथे आकृती दिलेली आहे," असं म्हणतात आणि पुढे जातात. अहो, ज्याला दिसत नाही त्याला आकृती दिलेली आहे हे सांगून काय उपयोग? वहिनी आकृती सांगते. डाव्या हाताला गोल बुडाचा चंबू, त्याच्याखाली दिवा, चंबूच्या तोंडातून निघालेली नळी उजवीकडे वाकून पाण्यात बुडालेली, पाण्यातून बुडबुडे वर येताहेत. डोळे मिटून ऐकलं तर फक्त वास यायचा बाकी राहतो. साहजिकच तिचा धडा इतरांपेक्षा लांब होतो, आणि तो ती एकाच फाइलीत ठेवते. मधेच तुटलं की ऐकणाऱ्याचं लक्ष तुटतं, असं तिचं म्हणणं.

घरी मात्र तिचा आवाज शोधावा लागतो. माझा दादा पहिल्यापासून मुखदुर्बळ, भाचीचं डोकं कायम पुस्तकात आणि वहिनी आवाज राखून वापरणारी. तिघांचा मिळून दिवसभरात जेवढा आवाज होतो तेवढा मी एकटी दारातून आत येईपर्यंत करते. घशासाठी वहिनीचे नियम कडक. आंबट नको, तेलकट नको आणि फ्रिजमधलं पाणी तर अजिबात नको.

म्हणून त्या संध्याकाळी मी चपला काढता काढता थबकले. वहिनी फ्रिजसमोर उभी राहून गार पाण्याची बाटली सरळ तोंडाला लावून पीत होती.

"अगं, घसा बसेल ना!"

"बसू दे," ती म्हणाली. "आता चालतं."

मग खोदून खोदून विचारल्यावर एकेक बाहेर पडलं. धडा वाचून झाला की तो मागच्या इमारतीतल्या कॉम्प्युटरवर पाठवायचा असतो. तिथे तो साफसूफ करून मुलांसाठी मेमरी कार्डावर घालतात. गेले काही महिने वहिनीच्या फाइली जातच नव्हत्या. निघताना सपासप धावायच्या, मग मधेच मुंगीच्या पावलाने, मग ठप्प. थोड्या वेळाने पडद्यावर 'पाठवता आली नाही' असं येऊन मोकळं. बाकीच्यांच्या फाइली मात्र गुपचूप पोचायच्या.

आधी थट्टा झाली. मग नोंदणी करणाऱ्या चष्मेवाल्या बाई म्हणाल्या, "तुमचा हातच नको लागायला, मी दाबते बटण." त्यांनी दाबलं, तरी वहिनीचा धडा अडकलाच. आता एवढ्यावर कुणाच्याही डोक्यात उजेड पडायला हवा होता की हाताचा काही संबंध नाही. छे! बाईंनी निष्कर्ष काढला की हात कुणाचाही असो, आवाज तर हिचाच ना! तेव्हापासून वहिनी दिसली की लोक आपापली कामं आधी पाठवून घ्यायला लागले. प्रिंटर अडला तरी मान तिच्याकडे वळायची.

आणि हे सगळं ज्यांनी थांबवायचं ते शिस्तराव. शिस्तराव म्हणजे त्या संस्थेचे नवे व्यवस्थापक. आल्या दिवसापासून दारादारावर सूचना चिकटवत सुटले म्हणून लोकांनी हे नाव ठेवलं. वहिनीच्या वाचायच्या खोलीच्या दारावरसुद्धा 'मोठ्याने बोलू नये' अशी सूचना आहे, यावरून माणूस ओळखा. त्यांनी वहिनीला बोलावून सांगितलं, "माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण अनुभव नाकारता येत नाही ना." आणि तिला माइकवरून उठवून मेमरी कार्डं पाकिटांत भरायच्या टेबलावर बसवलं. रसायनशास्त्राचं तिचं अर्धं झालेलं पुस्तक दुसऱ्या वाचकाकडे जाणार होतं. तिच्या जागेसाठी नव्या वाचकाची जाहिरातही लिहून तयार होती, पुढच्या आठवड्यात निघणार होती.

"आणि तू ऐकून घेतलंस?" मी ओरडले.

"काय बोलू? फाइल खरंच जात नव्हती ना."

"मला का नाही सांगितलंस? मी पोट कशावर भरते?"

माझा धंदाच तो. कचेऱ्यांमध्ये कॉम्प्युटर एकमेकांना जोडायचे, तारा ओढायच्या आणि काही अडलं की पिशवी घेऊन हजर व्हायचं. वहिनी म्हणाली, "तू आलीस आणि तरीही नाही गेली, तर?" तेव्हा मला ते नीट कळलं नाही. मी रागात होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बिनबोलावता तिथे थडकले. शिस्तराव हात मागे बांधून उभे. मी कोण, कशाला आले, कुणाच्या परवानगीने, सगळं विचारून झालं. मी म्हटलं, "त्यांची नणंद आहे. फुकट बघून देते." फुकट म्हटल्यावर परवानगी मिळाली.

"गेल्या काही महिन्यांत नेटवर्कमध्ये काही बदललंय का?" मी विचारलं.

"काहीही नाही," शिस्तराव म्हणाले.

माझ्या धंद्यात हे वाक्य रोज ऐकायला मिळतं. ऐकलं की मी मनात म्हणते, चला, काहीतरी नक्की बदललंय. पण ते शोधण्याआधी मी स्वतःचीच फजिती करून घेतली. वहिनीच्या खोलीतली तार जुनाट दिसली, म्हणून सगळ्यांसमोर मोठ्या ऐटीत ती काढून नवी घातली आणि म्हटलं, "आता बघा." बघितलं. धडा निघाला, धावला आणि ठप्प झाला. चष्मेवाल्या बाईंनी 'आम्ही म्हणत नव्हतो' अशा नजरेने वहिनीकडे पाहिलं आणि ती बिचारी पाकिटांकडे वळली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग मी शहाण्यासारखी एकेक गोष्ट बाजूला काढत गेले. वहिनीची खोली एका नेटवर्कवर आहे, मागची इमारत दुसऱ्या. दोन्हींच्या मधे राउटर नावाचं डबडं. इकडचं तिकडे जायचं तर त्याच्याच हातून जाणार. मी माझा लॅपटॉप वहिनीच्या खोलीत जोडला आणि तिचा धडा त्यावर घेतला. डोळ्याचं पातं लवायच्या आत आला. म्हणजे तिचा कॉम्प्युटर ठणठणीत. मग लॅपटॉप उचलून मागच्या इमारतीत नेला आणि तोच धडा तिथून मागवला. ठप्प. मागच्या इमारतीतल्या दोन कॉम्प्युटरमध्ये फाइल इकडून तिकडे केली, तीही झटकन गेली. दोन्ही बाजू एकमेकींच्या हाकेला लगेच ओ देत होत्या. दुखणं मधल्या डबड्यात होतं, हे आता उघड होतं.

मागच्या इमारतीत आवाजाची साफसफाई करणारे गृहस्थ बसतात. त्यांना सगळे कानसेन म्हणतात. ते स्वतः अंध आहेत आणि त्यांचा कॉम्प्युटर त्यांना पडद्यावरचं बोलून दाखवतो. मी खाली वाकून तारा तपासत होते तेव्हा ते म्हणाले, "ताई, एक सांगू? तुमच्या वहिनींचे अर्धवट आलेले सगळे धडे माझ्याकडे पडून आहेत. मी ऐकले. कुठलाही धडा लावा, साधारण तेवढाच वेळ ऐकू येतो आणि मग मुका होतो. धडा मोठा असो की आणखी मोठा."

मी टेबलाखालून बाहेर येताना डोकं आपटून घेतलं. "हे तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं की. साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, मग बाईंना म्हणावं कमी वाचा."

खराब तार कधीही दगा देते, ती असा वक्तशीरपणा करत नाही. दर वेळी ठरावीक माल गेल्यावर दार बंद होत असेल, तर ते दार कुणीतरी मुद्दाम बसवलेलं असतं. मी वहिनीचा धडा मधोमध तोडला आणि दोन फाइली करून पाठवल्या. दोन्ही सुखरूप पोचल्या. तोच आवाज, तोच चंबू, तीच नळी. वहिनीची एकच चूक होती, ती काम नीट करत होती. तुटक वाचणारे, आकृत्या गाळणारे सगळे त्या मापाखालून सहज निसटत होते.

राउटर उघडून बघायचा तर पासवर्ड हवा, आणि तो शिस्तरावांकडे. मी मागितला. "गोपनीय आहे," ते म्हणाले. "आणि बाईंच्या फाइलीसाठी मी संस्थेची सुरक्षा धोक्यात घालू शकत नाही."

बाईंच्या फाइलीसाठी! माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी कानसेनांना विचारलं, "या कचेरीत वहिनीखेरीज इतकं लांब बोललेलं कुणी आहे का?" कानसेन गालात हसले. शिस्तराव रुजू झाले त्या दिवशी त्यांनी शिस्तीवर भाषण केलं होतं आणि ते रेकॉर्ड करून जपून ठेवायला सांगितलं होतं. लोक बसल्या बसल्या पेंगले होते म्हणे. मी ते भाषण पेनड्राइव्हवर घेतलं, वहिनीच्या खोलीत नेलं आणि शिस्तरावांना खुर्चीवर बसवलं.

"तुम्हीच पाठवा. तुमचाच आवाज, तुमचाच हात. वहिनी तिकडे पाकिटांपाशी आहे, हवं तर तिला रस्त्यावर उभी करते."

त्यांनी बटण दाबलं. दारात सगळे गोळा झाले होते. भाषण धावलं, मंदावलं आणि थांबलं. 'पाठवता आली नाही.' फोनवर कानसेनांनी ऐकवलं, शिस्तराव नेमके कर्तव्याबद्दल बोलता बोलता मुके झाले होते.

"साहेब," मी म्हटलं, "आता तुमचेही पाय पांढरे का? तुम्हालाही बसवू पाकिटांवर?"

कुणीतरी फिसकन हसलं. शिस्तरावांनी पासवर्ड टाकला. मी राउटरचे नियम एकेक वाचत खाली आले आणि सापडला. एका फाइलीत ठरावीक मापापेक्षा जास्त माल गेला की पुढचा थेंबाथेंबाने सोडायचा. बसवणाऱ्याने शेजारी कशासाठी तेही लिहून ठेवलं होतं: 'सिनेमे बंद'.

"हे काय आहे?"

शिस्तराव चाचरले. "ते... ते वेगळं. कर्मचारी कामाच्या वेळात सिनेमे उतरवतात असा मला संशय होता. ओळखीच्या एकाकडून करून घेतलं. ते इंटरनेटसाठी होतं."

"इथे इंटरनेट असं कुठेही म्हटलेलं नाही. डबड्यातून जाणाऱ्या प्रत्येक गोष्टीला लागू केलंय त्या ओळखीच्या माणसाने. आणि मी सकाळी विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात काहीही बदललं नाही."

"ते सांगितलं असतं तर लोक सावध झाले असते ना!"

म्हणजे बघा. चोर पकडायचे म्हणून यांनी अंधारात सापळा लावला. त्यात एकही चोर सापडला नाही, सापडली माझी वहिनी. आणि तिचा पाय अडकलेला रोज दिसत असताना हा गृहस्थ सापळ्याबद्दल अवाक्षर न काढता 'अनुभव नाकारता येत नाही' म्हणत होता. मी तो नियम पुसला. वहिनीचे मागचे सगळे धडे एकामागून एक निघाले आणि पोचले. पलीकडून कानसेन फोनवर प्रत्येकाचं शेवटचं वाक्य ऐकवत होते.

चहाच्या वेळी शिस्तराव सर्वांसमोर उभे राहिले. "नेटवर्कमध्ये एक तांत्रिक अडचण होती, ती आता दूर झाली आहे. वाचन विभाग पूर्ववत चालेल." एवढं बोलून ते खाली बसायला लागले. मी तोंड उघडणार तेवढ्यात माझ्या शेजारून आवाज आला. घरात ऐकू येत नाही तो, माइकवरचा, स्वच्छ.

"साहेब, हे अपुरं झालं," वहिनी म्हणाली. "पूर्ण सांगा."

शिस्तराव म्हणाले, "राउटरमध्ये एक नियम होता..."

"कुणी घातला?"

"मी... घालून घेतला होता."

"पुढे?"

त्यांनी सांगितलं. सिनेमे, संशय, न सांगता केलेलं काम, सगळं. प्रत्येक वाक्याला अडखळत, पण शेवटपर्यंत सांगितलं. माफी मात्र मागितली नाही. तो शब्द त्यांच्या घशाच्या वर येत नसावा. चष्मेवाल्या बाई चष्मा काढून पदराने पुसत बसल्या, इतका वेळ की काच झिजावी. वहिनीने चहा संपवला, कप विसळून ठेवला आणि रसायनशास्त्र उचलून खोलीत गेली. बाहेरचा लाल दिवा लागला.

मला वाटलं, जिंकलो. संध्याकाळी आम्ही दोघी चालत घरी निघालो तेव्हा मी रस्ताभर शिस्तरावांची नक्कल करत होते. वहिनी हसत होती. आमच्या वळणावर आल्यावर ती हळूच म्हणाली, "मला खरं वाटायला लागलं होतं गं."

"काय?"

"की माझ्यातच काहीतरी आहे. उगाच कशाला कुणाच्या मधे यायचं, असं वाटायचं. लेकीची परीक्षा चालू झाल्यापासून पेपरच्या सकाळी मी स्वयंपाकघरातून बाहेरच येत नाही. तुझा दादा तिला दारापर्यंत सोडतो."

मी भर रस्त्यात उभी राहिले. आदल्या दिवशी तिने 'तरीही नाही गेली, तर?' असं का विचारलं ते आत्ता माझ्या लक्षात आलं. तिला फाइलीची भीती नव्हती. मीसुद्धा हात टेकले असते, तर मग दोष तिचाच आहे यावर शिक्का बसला असता, याची भीती होती. मी तिला रागावले, शिस्तरावांना शिव्या घातल्या, चष्मेवाल्या बाईंना घातल्या, दादाला घातल्या. आणि एवढं सगळं करून तिला विचारलं, "आता तरी कळलं ना? तो नियम होता. डबड्यातला नियम." ती "हो" म्हणाली. पण ते 'हो' मला पटलं नाही.

म्हणून दुसऱ्या दिवशी, भाचीचा पेपर होता, मी सकाळीच जाऊन धडकले. भाची बूट घालत होती, दादा तिची पाण्याची बाटली भरत होता आणि वहिनी स्वयंपाकघरात, दार लोटून. सगळं कळल्यानंतरही! मी आत गेले, गॅस बंद केला आणि तिला दंडाला धरून बाहेर आणलं. "जा. दप्तर दे तिच्या खांद्यावर."

वहिनीचे हात कणकेने माखलेले होते. तिने ते साडीला पुसले, दप्तर उचललं आणि लेकीसमोर उभी राहिली. भाचीने विचारलं, "आई, तू माझ्यावर रागावली नव्हतीस?"

वहिनीने तिला जवळ ओढलं. मी दादाच्या हातातली बाटली हिसकून घेतली आणि ती भरलेली असतानाही पुन्हा भरायला आत गेले. नाहीतर मी तशीच त्या कचेरीत भांडायला गेले असते.